पुसले म्हणजे गेले का?

यंदाच्या चैत्रात माझ्या हातून एक चूक घडली. ती यंत्राची चूक, तुमची नव्हे, असे म्हणून चार जणांनी माझे समाधान करून पाहिले. पण समाधान झाले नाही. म्हणून ती हकीकत आधी वाचकांपुढे ठेवतो आणि मग तिच्यातून जो प्रश्न निघाला त्याचा आपल्या अल्पमतीप्रमाणे विचार करतो. ज्या गृहस्थांची ही हकीकत आहे त्यांना हा लेख छापावयास पाठवण्यापूर्वी वाचून दाखवला आहे. रक्कम, साल आणि ओळख पटेल असे इतर तपशील त्यांच्याच सांगण्यावरून बदलले आहेत. परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, "महाराज, माझी गोष्ट सांगा, पण शेवटपर्यंत सांगा. अर्ध्यावर सोडू नका." ही अट किती मोलाची आहे ते पुढे कळेल.

आमची वैजापूरकडची दिंडी लहान. शंभर-सव्वाशे माणसं, एक पाण्याचा टँकर, एक सामानाचा ट्रक, इतकाच पसारा. पूर्वी हिशेब एका लांबट वहीत असे. पुढे नातवाने आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि "आजोबा, आता सगळं यात ठेवा" म्हणून शिकवले. वारकऱ्यांची नावे, फोन, आधारकार्डाचे फोटो, कोणाला साखरेची गोळी लागते, कोणाच्या घरी काही झाले तर कोणाला कळवायचे, हे सारे त्यात गेले. वर्गणीचा जमाखर्चही गेला. सोय मोठी झाली. कीर्तनाची टिपणंसुद्धा मी त्यात ठेवू लागलो.

२०२२ च्या वारीनंतर हिशेबाला अकरा हजार चारशे रुपये कमी आले. दोन दिवसांनी एक जण आपण होऊन माझ्या ओसरीवर येऊन बसला. दिंडीतला जुना माणूस, गळा गोड, पखवाजावर हात बरा. म्हणाला, "पैसे मी घेतले. बायको दवाखान्यात होती. मागायची लाज वाटली आणि घ्यायची वाटली नाही." त्याने आपल्या हाताने कबुली लिहून दिली. आम्ही तिघांनी ती वाचली. मी तिचा फोटो काढून लॅपटॉपात ठेवला आणि खाली दोन ओळी टंकल्या. फोटो काढायची काही गरज होती का? नव्हती. पण हाती यंत्र आले की माणूस गरज पाहत नाही. त्याच दसऱ्याच्या सुमारास नातू सुटीवर आला होता. त्याने साऱ्या लॅपटॉपाची एक जशीच्या तशी प्रत काढून छोट्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि ती डबी माझ्या कपाटात, पोथ्यांशेजारी ठेवून दिली.

त्या माणसाने पैसे फेडले. एकदम नाही, कापसाचे आले तेव्हा थोडे, कांद्याचे आले तेव्हा थोडे, असे करीत २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला शेवटचे चौदाशे रुपये आणून दिले. आम्ही तिघांनी बसून ठरवले की हा विषय संपला. कबुलीचा कागद त्याच्या हाती परत दिला, त्याने तो तिथेच चुलीत घातला. मग मी लॅपटॉप उघडला, त्याच्या देखत फोटो पुसला, दोन ओळी पुसल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि म्हटलं, "बघ, गेलं. आता हे कुठंच नाही." तो रडला. मीही डोळे पुसले.

यंदाच्या चैत्रात लॅपटॉप फार मंद झाला. चालू व्हायला अर्धा तास, आणि पडद्यावर भलभलत्या जाहिराती. दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार पोरगा म्हणाला, "महाराज, सगळं पुसून नव्यानं भरावं लागंल. बॅकअप आहे का?" मी मोठ्या अभिमानाने कपाटातली डबी काढून दिली. त्याने यंत्र कोरे केले आणि डबीतली प्रत त्यात ओतली. लॅपटॉप पुन्हा पळू लागला. मी खूश होऊन तो आमच्या नव्या खजिनदाराच्या स्वाधीन केला. तरुण, शिकलेला मुलगा, वारीच्या याद्या करायला त्याला तो हवाच होता.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. डबीतली प्रत २०२२ च्या दसऱ्याची. तिच्यात कबुली होती, फेड नव्हती. कारण फेडीच्या नोंदी, शेवटचा ठराव, "विषय संपला" ही आमची ओळ, हे सारे त्या प्रतीनंतरचे. यंत्र कोरे करताना ते गेले आणि जुने तेवढे परत आले. खजिनदाराने याद्या शोधता शोधता ती फाईल उघडली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने आणखी एकाला विचारले, त्याने तिसऱ्याला. आणि हे घडले नेमके अशा वेळी, की यंदाची वीणा त्या माणसाच्या गळ्यात द्यावी असे आमच्या मनात होते.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. बसला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "महाराज, तुम्ही माझ्यादेखत पुसलं होतं ना?"

मी चाळीस वर्षे कीर्तन करतो. कोणी शंका विचारली की दृष्टांत तयार असतो. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेलो आणि त्या पोराला म्हटलं, "मला पैसे-बिसे काही नको, फक्त समजावून सांग. मी पुसलं होतं, मग आलं कुठून?" त्याने फार चांगले समजावले. इतके चांगले की एखाद्या शास्त्र्याने ऐकावे.

तो म्हणाला, पुसण्याच्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली अशी की संगणकात फाईल पुसली म्हणजे मजकूर खोडला असे होत नाही. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव काढावे आणि प्रकरणाची पाने तशीच राहावीत, तसे ते. संगणक एवढेच लिहून ठेवतो की ही जागा आता मोकळी समजावी. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच पडून असते आणि शोधणाऱ्याला सापडते. आताच्या नव्या, फिरत्या चकतीवाचूनच्या साठवणीत मोकळी जागा यंत्र आपण होऊन कोरी करत असते, त्यामुळे तिथे सापडणे अवघड. पण तो भरवसा पुसणाऱ्याने धरू नये. दुसरी गोष्ट, प्रत. एका ठिकाणचे खोडल्याने दुसऱ्या ठिकाणचे खोडले जात नाही. आणि तिसरी, खाते. हल्ली फोन आणि लॅपटॉप आपल्या नावाच्या खात्यावर दूरच्या मोठ्या संगणकांत आपोआप नकला ठेवत असतात. यंत्र कोरे करून त्याच खात्याने पुन्हा आत शिरलात, की फोटो, नंबर, पासवर्डसुद्धा मागोमाग चालत येतात. लोकांना वाटते घर बदलले. पण सामान आधीच नव्या घरी जाऊन बसलेले असते.

प्रतीची गोष्ट आपल्याला नवी नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. एका पोथीतला अपपाठ खोडून भागण्यासारखे नव्हते. तो दुसऱ्या गावच्या पोथीत जिवंतच असणार. म्हणून अनेक प्रती ताडून पाहाव्या लागल्या. पैठण आमच्याच जिल्ह्यात. पण मला ही गोष्ट सांगायला दुकानातले पोरगे लागले.

घरी येताना मला पाठशाळेतले दिवस आठवले. पहाटे उठून लघुकौमुदी घोकायची, अर्थ पुढे कधीतरी. त्यात अगदी आरंभी लोपाची व्याख्या येते. सामान्य माणसाला वाटेल, लोप म्हणजे नाश. पाणिनीने तसे म्हटले नाही. त्याने लोप म्हणजे अदर्शन म्हटले. जे असायला हवे ते न दिसणे. आणि पुढे तो असेही सांगतो की प्रत्यय लोपला तरी त्या प्रत्ययामुळे व्हायचे कार्य होतेच. 'अग्निचित्' हा शब्द घ्या. त्यात क्विप् नावाचा प्रत्यय लागतो आणि सगळाच्या सगळा लोपतो, त्याचे एक अक्षरही मागे राहत नाही. तरी शेवटी जो तकार येतो तो त्या न दिसणाऱ्या प्रत्ययाच्या जोरावर येतो. बारा वर्षांचा असताना मला याची मौज वाटे: गेलेला पाहुणा जेवणाचे ताट मांडायला लावतो! आज साठी उलटल्यावर त्यातला गंभीर अर्थ कळला. आपण ज्याला पुसणे म्हणतो ते बहुतेक वेळा लोप असते. दिसत नाही, पण काम करीत असते.

आता येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो काही हलका नाही. पहिला पूर्वपक्ष आमच्याच बैठकीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी केला. ते म्हणाले, "महाराज, पुसलं हीच चूक. दिंडीचा पैसा म्हणजे देवाचा पैसा. त्यात कमीजास्त झालं तर ते लिहिलेलंच राहिलं पाहिजे. उद्या दुसऱ्यानं घेतले तर? नोंद असली म्हणजे वचक राहतो." दुसरा पूर्वपक्ष माझ्याच मनाने केला. काहीच कायमचे पुसले जात नसेल, तर "पुसले" असे वचन देणे हे असत्य नव्हे काय? आणि मग क्षमा तरी काय उरली? क्षमा म्हणजे केवळ अनुक्रमणिकेतून नाव काढणे, आणि पाने आत तशीच?

दोन्ही शंकांचे उत्तर मला देहूच्या डोहाकाठी सापडले असे वाटते. तुकोबारायांच्या चरित्रात इंद्रायणीत कागद बुडवल्याचे प्रसंग दोन आहेत. वह्यांचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. पण त्याच्या आधीचा एक आहे. घराण्यात सावकारी होती. वडिलांच्या मागे लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते घरात होती. दुष्काळ पडला, माणसे मेली, तुकोबांचे मन पालटले. धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी खतांची वाटणी झाली. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्या त्याच नदीत गेल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या असे संप्रदाय मानतो. लोकांना अभंग मुखोद्गत होते, संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांनी ते जतन केले, लोकगंगेने ते तारले, असे अभ्यासक मांडतात. भाविकाला दोन्ही गोड आहेत.

पण नदी एक, बुडवलेला माणूस एक, कागदही कागदच. मग वह्या परत आल्या आणि खते परत का आली नाहीत? या प्रश्नाशी मी पुष्कळ दिवस बसलो. उत्तर साधे आहे. वह्या परत याव्यात असे हजारांना वाटत होते. खते परत यावीत असे ज्याचा त्यांवर हक्क होता त्यालाच वाटत नव्हते. कोणाकडून किती येणे आहे हे तुकोबांना काय आठवत नसेल? वाण्याच्या पोराला येणी आठवतातच. पण त्यांनी कागद सोडला तेव्हा मागणे सोडले. कागद बुडाला म्हणून ऋणको सुटले नाहीत. मागणे बुडाले म्हणून सुटले. ज्याने मागणे ठेवून नुसता कागद बुडवला असता, त्याची खते त्याच्या जिभेवर दर बाजारी तरंगली असती.

म्हणजे पुसण्याची जागा कागद नव्हे, यंत्रही नव्हे. धरून ठेवणाऱ्याचा हात ही ती जागा. हात सुटला तर उरलेला कागद निरुपद्रवी होतो. हात न सुटला तर राखेतूनही खत वाचले जाते. त्या माणसाला क्षमा करताना आम्हा तिघांचा हात खरोखर सुटला होता. पण नवा खजिनदार आणि त्याने विचारलेली माणसे त्या बैठकीत नव्हतीच. त्यांच्या हाती कागद गेला तो आमच्या क्षमेवाचून गेला.

आणि इथेच माझ्या चुकीचे खरे स्वरूप मला दिसले. परत आले ते खोटे नव्हते. कबुली त्याचीच, अक्षर त्याचे, रक्कम बरोबर. तरी ते सत्य नव्हते, कारण ते अर्धे होते. जुनी प्रत पाप परत आणते, प्रायश्चित्त आणत नाही. माणूस दोन वर्षे राबून ज्या जागेवरून पुढे गेला, त्याच जागेवर यंत्राने त्याला ओढून पुन्हा उभे केले आणि म्हटले, हा तू. चित्रगुप्ताच्या वहीचे आपल्याला भय वाटते. पण लोकांच्या कल्पनेतला चित्रगुप्त तरी एवढा प्रामाणिक आहे, की तो पापासमोर पुण्यही मांडतो. वही मध्येच बंद करून तो हिशेब वाचत नाही. आमचा लॅपटॉप २०२२ च्या दसऱ्यालाच वही मिटून बसला होता.

आमच्या तालुक्यात शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे. जन्म जवळच्या देवगावचा, इ. स. १६२८ च्या सुमारासचा, सासर शिऊरचे पाठकांचे घर, तुकोबारायांचा अनुग्रह, आणि १७०० साली शिऊरलाच देह ठेवला. त्यांचे आत्मचरित्रपर अभंग १९२९ साली जस्टिन ॲबट यांनी इंग्रजीत नेले. अंतकाळी त्यांनी आपले पुत्र विठोबा यांना जवळ बसवून मागचे बारा जन्म आणि हा तेरावा, असा सारा वृत्तांत सांगितला. हा भाग मी अनेकदा कीर्तनात लावला आहे, पण यंदा तो मला वेगळा वाटला. देह पुसला, पुन्हा भरला, असे बारा वेळा झाले, आणि तरी आठवण परत आली. पण ती कशी आली पाहा. एखाद्या जन्मातले एखादे पान सुटे होऊन शेजाऱ्याच्या हाती पडले असे झाले नाही. ज्याची आठवण त्यालाच आली, ज्याला सांगायची त्यालाच सांगितली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खी माळ सांगितली. आठवणीचा अधिकार, आठवणीचा क्रम आणि आठवण ऐकणारा, तिन्ही जागच्या जागी. बाकीच्या आपणा सर्वांना मागचे जन्म आठवत नाहीत ही देवाची कृपाच समजावी. सकाळी दारात येणारा भाजीवाला मागच्या जन्मी आपला वैरी होता हे कळले असते, तर मेथीची जुडी तरी हातात घेता आली असती का?

माझ्या त्या गृहस्थांनी घातलेली अट हीच होती. शेवटपर्यंत सांगा.

आता पहिल्या पूर्वपक्षाकडे वळतो. त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही. सार्वजनिक पैशाची नोंद पुसू नये, हे त्रिवार खरे. पण हिशेब वेगळा आणि माणसाची लाज वेगळी. अमुक साली इतके कमी आले, अमुक तिथीला इतके जमा झाले, बाकी शून्य. एवढे राहिले म्हणजे देवाचा पैसा देवाला पोचला. त्या ओळीपुढे नाव, हस्ताक्षर आणि रडका चेहरा जन्मभर चिकटवून ठेवण्याने पंढरीच्या वाटेवर एका टाळाची तरी भर पडते काय?

हा भेद केवळ माझ्या मनचा नाही. युरोपात असाच एक खटला झाला. मारिओ कोस्तेहा नावाच्या स्पॅनिश गृहस्थांच्या मालमत्तेच्या लिलावाची जाहिरात, सामाजिक सुरक्षेच्या थकबाकीपायी, १९९८ साली बार्सिलोनाच्या 'ला व्हॅनगार्डिया' या दैनिकात आली होती. थकबाकीचे ते प्रकरण पुढे मिटले. पण गूगलवर त्यांचे नाव टाकले की वर्षे लोटली तरी पहिल्यांदा तेच पान पुढे यायचे. ते न्याय मागायला गेले. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला तो असा की वृत्तपत्राच्या दप्तरातली जाहिरात राहू दे, पण माणसाच्या नावावरून शोधणाऱ्यापुढे ती आणून ठेवू नये. नोंद राहिली, बोट दाखवणे थांबले. गंमत अशी की या खटल्यामुळेच त्या थकबाकीची वार्ता जगभर झाली. पण आता ती शेवटासकट सांगितली जाते, आणि मी इथे वैजापुरात बसून त्यांचे नाव लिहितो ते कर्जबुडव्या म्हणून लिहीत नाही.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली आहे. त्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क माणसाला दिला आहे, आणि कायद्याने जे ठेवणे भाग आहे ते ठेवण्याची मुभाही ठेवली आहे. म्हणजे हिशेब आणि लाज यांत कायद्यानेही भेद केला. पण कायदा हात धरू शकतो, हात सोडवू शकत नाही. सोडण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे.

राहिला दुसरा पूर्वपक्ष: मग "पुसले" असे वचन द्यावे की नाही? येथे पुन्हा दुकानातल्या त्या पोराचेच ऋण मान्य करतो. मी त्याला विचारले होते, "मग खात्रीनं पुसायचं तर काय करावं?" तो म्हणाला, "एक तर तबकडीच फोडा. नाहीतर पहिल्यापासून सगळं कुलपात लिहा. म्हणजे अक्षरं अशी उलटीपालटी करून ठेवायची की किल्लीवाचून कोणाला लागू नयेत. मग पुसायची वेळ आली की मजकुराच्या मागं धावायचं नाही. किल्ली नष्ट करायची. मजकूर तसाच पडून राहतो, पण तो वाचणारा जगात कोणी राहत नाही."

हे ऐकून मला गहिवरून आले. क्षमेची याहून चांगली व्याख्या मी तरी ऐकली नाही. झालेली गोष्ट झालीच नाही असे करण्याचे सामर्थ्य माणसात नाही. नैयायिकांना विचारा, ध्वंस झाल्यावरही "हे होते" ही गोष्ट नाहीशी होत नाही. पण ती वाचण्याची किल्ली आपल्याजवळ असते. ती किल्ली म्हणजे आपला आकस, आपली चवीने बोलण्याची हौस, "मला ठाऊक आहे बरं का" हा सूक्ष्म अहंकार. ती फेकली की मजकूर आपल्यापुरता मुका होतो. मग लोपलेल्या प्रत्ययासारखे त्याचे कार्य मात्र उरते, आणि ते चांगले कार्य असते: आता आमच्या दिंडीत पैसे दोघांच्या सहीवाचून निघत नाहीत, आणि कोणाच्या घरी दुखणे असेल तर त्याने मागायची वाट न पाहता आम्ही विचारतो. त्या अकरा हजार चारशांनी आम्हाला एवढे शिकवले.

म्हणून माझे मत असे झाले की त्या दिवशी मी "हे आता कुठंच नाही" म्हणालो ते बोलणे अविचाराचे होते. जे माझ्या अधिकारातले नव्हते त्याची मी ग्वाही दिली. म्हणायला हवे होते ते इतकेच: "माझ्या हातून मी सोडलं. आणखी कुठं असेल तर ते शोधून काढीन, आणि कधी वर आलंच तर तुझ्या बाजूला मी उभा राहीन." हे वचन माणसाला पाळता येते.

ते पाळायला मला उशीर झाला, पण पाळले. जुनी लांबट वही अजून होती. फेडीच्या चारही तारखा तिच्यात माझ्या हस्ताक्षरात होत्या. ती वही घेऊन मी ज्या तिघांनी फाईल पाहिली त्यांच्या घरी गेलो आणि प्रत्येकाला उरलेली गोष्ट वाचून दाखवली. खजिनदार पोरगा ऐकून खाली मान घालून बसला. म्हणाला, "महाराज, मी विचारायला नको होतं." मी म्हटलं, "बाळा, तू विचारलंस ते ठीक; माझ्याऐवजी दुसऱ्याला विचारलंस एवढंच चुकलं." दुसऱ्यानेही ऐकून घेतले आणि विषय सोडला. तिसऱ्या गृहस्थांनी "हो, हो" म्हटले. पण त्यांची नजर अजून पूर्वीसारखी झालेली नाही. ती माझ्या हातची गोष्ट नाही. त्या गृहस्थांनी वीणा यंदा घेतली नाही. "पुढच्या वर्षी बघू महाराज," म्हणाले, आणि पखवाज गळ्यात अडकवून नेहमीच्या जागी चालू लागले.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या दिंड्यांची, सप्ताहांची, मंदिरांची नावनिशी आता फोनात आणि लॅपटॉपात आहे. लोकांचे आजार, नंबर, आधारकार्ड, कोणाचे काय चुकले, कोणी काय मागितले, हे सारे आपल्या खिशात आहे. ती दुसऱ्याची ठेव आहे. जे ठेवण्याची गरज नाही ते मुळात घेऊच नये. वारी संपली की आधारकार्डाचे फोटो काढून टाकावेत, आणि काढताना प्रत कुठे कुठे गेली आहे ते एखाद्या जाणत्या पोराला विचारावे. यंत्र विकताना वा कोणाला देताना ते नुसते पुसून नव्हे, जाणत्याकडून कोरे करून द्यावे. आणि जुने काही अवचित वर आलेच, तर वाचण्याआधी एवढे मनाला विचारावे की हे पान माझ्यासाठी आहे का, आणि याच्या पुढची पाने मी वाचली आहेत का.

कपाटातली ती डबी मी दुकानातल्या पोराकडून माझ्यासमोर फोडून घेतली. आत एक चकचकीत चकती निघाली, आरशासारखी. तिच्यात पाहिले तर माझाच चेहरा दिसला.